वहिवाट आणि ठेव : एडमंड बर्कच्या राज्यचिंतनाचा विचार

वकिली व्यवसायात ज्या शब्दांची संगत जन्मभर सुटत नाही, त्यांत 'वहिवाट' हा शब्द अग्रगण्य मानावा लागेल. बांधावरचा आंबा कोणाचा, विहिरीवरील पाण्याची पाळी कोणाची, पालखीपुढे मशाल धरण्याचा मान कोणत्या घराण्याचा, अशा तंट्यांत कागदपत्र अपुरे पडले म्हणजे पक्षकार अखेर एकच गोष्ट सांगतो : वाडवडिलांपासून हे असेच चालत आले आहे. न्यायालय ते ऐकून घेते आणि घेतलेच पाहिजे. कारण प्रत्येक पिढीने प्रत्येक हक्काचा मूळ कागद पुढे करावा असा आग्रह धरला, तर जगात कोणाचेच घर सुरक्षित राहणार नाही. परंतु शेजाऱ्याची जमीन दाबून बसलेल्या मनुष्याच्या तोंडीही हाच शब्द तितक्याच सहजतेने येतो, हा अनुभवही आमच्या व्यवसायास नवा नाही. वहिवाट ही कधी दुर्बळाची ढाल असते, तर कधी बळवंताचा बुरखा असते.

या दुहेरी शब्दाचा विचार राजा, धर्मसंस्था, राज्यक्रांती आणि साम्राज्य या सर्वांच्या संदर्भात ज्याने जन्मभर केला, असा एक पुरुष अठराव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटात होऊन गेला. त्याचे नाव एडमंड बर्क. ब्रिटनमधील परंपरानिष्ठ राजकारणाचा आद्य आचार्य म्हणून त्याची गणना होते. फ्रान्समधील राज्यक्रांतीविषयीचे त्याचे १७९० सालचे चिंतन हा त्या विचारसरणीचा मूलग्रंथ समजला जातो. आमच्याकडे त्याचा परिचय बहुधा इंग्रजी वक्तृत्वाचा नमुना म्हणून होत आला. पण देवालयाच्या छायेत वाढलेल्या आणि जुने जपणे हे ज्याने आपले कर्तव्य मानले आहे अशा आमच्या समाजास बर्ककडून शिकण्याजोगे वक्तृत्वाहून अधिक काही आहे, असे आम्हांस वाटते. जुने का जपावे आणि ते कोणासाठी जपावे, हे दोन प्रश्न त्याने एकमेकांपासून कधीच तुटू दिले नाहीत.

बर्क जन्माने इंग्रज नव्हता. १७२९ साली डब्लिन येथे त्याचा जन्म झाला. वडील प्रॉटेस्टंट पंथाचे व अॅटर्नीचा व्यवसाय करणारे, तर आई कॅथॉलिक घराण्यातील होती. त्या काळी आयर्लंडमधील बहुसंख्य कॅथॉलिक प्रजेस जमीन धारण करणे, सरकारी पद मिळविणे, मत देणे या सर्व बाबतींत कडक कायद्यांनी जखडून टाकलेले होते. जित समाजाच्या घरात कायदा कोणत्या रूपाने शिरतो हे बर्कने मातेच्या आप्तवर्गात पाहिले होते. १७५० मध्ये तो कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनच्या मिडल टेंपल येथे आला. परंतु ते शिक्षण त्याने अर्धवट सोडले आणि लेखणी हाती धरली. १७६५ मध्ये तो लॉर्ड रॉकिंगहॅम याचा चिटणीस झाला व लवकरच कॉमन्स सभेत निवडून आला. १७९४ पर्यंत त्याने ती सभा सोडली नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. परंपरेचा कैवारी म्हणजे राजाचा भाट, अशी समजूत सर्वत्र आढळते. बर्कचे पूर्वायुष्य तिला पूर्णपणे विरोधी आहे. तो टोरी नव्हता, व्हिग होता. आणि कॉंझर्व्हेटिव्ह हे पक्षनाम तर त्याच्या मृत्यूनंतर तीन-चार दशकांनी रूढ झाले. तिसरा जॉर्ज दरबारी मंडळींच्या साहाय्याने पार्लमेंट आपल्या मुठीत ठेवू पाहत आहे, असा उघड आरोप त्याने १७७० च्या आपल्या निबंधात केला. अमेरिकन वसाहतींवर कर लादण्याचा अट्टाहास सोडावा म्हणून १७७४ व १७७५ मध्ये त्याने केलेली भाषणे प्रसिद्धच आहेत. १७८० मध्ये राजवाड्याच्या खर्चात पोसली जाणारी निरुपयोगी पदे रद्द करावीत अशी योजना त्याने मांडली, आणि १७८२ मध्ये तिचा काही भाग कायद्यात उतरला. त्याच १७८० मध्ये ब्रिस्टल शहराचे प्रतिनिधित्वही त्याच्या हातून गेले. आयर्लंडच्या व्यापारास सवलती द्याव्यात आणि कॅथॉलिकांवरील बंधने सैल करावीत, ही त्याची मते तेथील मतदारांस रुचली नव्हती. राजास मर्यादेत ठेवणारा आणि मतदारांची मर्जी राखण्यासाठीही आपले मत न विकणारा असा हा राजनिष्ठ होता.

अशा या मनुष्याचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला तो १७८१ साली. पेशवाईच्या गादीसाठी रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईच्या इंग्रजांशी तह केला आणि लष्करी मदतीच्या मोबदल्यात मुंबईजवळची साष्टी व वसई देऊ केली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो तह अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. पुढे १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची फजिती झाली. या घालमेलीत आपले गाऱ्हाणे थेट विलायतेस नेण्याचे रघुनाथरावांनी ठरविले. त्यांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ, मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचे चिरंजीव कर्सेटजी हे लंडनला पोहोचले. वकील हा शब्द त्या काळी राजदूतासाठी होता; आमच्या व्यवसायाने तो पुढे उसना घेतला.

समुद्रगमन ब्राह्मणास निषिद्ध मानले जाण्याचा तो काळ. परक्या देशात स्नानसंध्या, सोवळे आणि स्वयंपाक यांची सोय कोठे व्हावी, हा हणमंतरावांपुढचा प्रश्न राजकारणाहूनही निकडीचा होता. बर्कला त्यांची अडचण कळली तेव्हा त्याने या मंडळींस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि झाडे ठेवण्यासाठी बागेत बांधलेले काचघर त्यांच्या स्वाधीन केले. तेथे त्यांनी आपल्या हाताने स्वयंपाक करावा, आपल्या रीतीने नित्यकर्म करावे, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये, अशी व्यवस्था झाली. रघुनाथरावांच्या राजकारणाविषयी आमच्या वाचकांचे मत काहीही असो, आणि ते चांगले असण्याचे कारण नाही. परंतु एका आयरिश ख्रिस्ती गृहस्थाने परधर्मीय पाहुण्याचा आचार हसण्याचा विषय केला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. कॅथॉलिक मातेच्या पुत्रास, आपला आचार पाळण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी बर्क हिंदुस्थानविषयक पार्लमेंटरी समितीवर काम करू लागला, आणि पुढील चौदा वर्षे हा देश त्याच्या मनातून गेला नाही. १७८३ च्या डिसेंबरात फॉक्सच्या हिंदुस्थान बिलावर बोलताना त्याने जो मुद्दा मांडला, तो आमच्या मते त्याच्या सर्व राज्यशास्त्राची किल्ली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणणे असे, की आम्हांस राजाची सनद आहे व ती सनद हा आमचा जुना हक्क आहे. सनदेस हात लावाल, तर देशात कोणाचाच हक्क सुरक्षित राहणार नाही. वहिवाटीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या बर्कने या युक्तिवादापुढे मान तुकवावी अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु त्याने सनदांचे दोन प्रकार केले. एक प्रकार प्रजेच्या नैसर्गिक हक्कांस बळकटी देणारा. इंग्लंडची १२१५ ची महासनद ही त्या प्रकारची. दुसरा प्रकार काही माणसांस इतर माणसांवर सत्ता आणि व्यापारी मक्ता देणारा; कंपनीची सनद ही त्या प्रकारची. पहिल्या प्रकारची सनद पवित्र होय. दुसरीत मिळालेली सत्ता मात्र धारकाची मालमत्ता नसते. ती ज्यांच्यावर चालते त्यांच्या हितासाठी दिलेली ठेव असते. ठेवीचा अपहार झाला, की ठेव देणाऱ्यास ती परत घेण्याचा अधिकार उत्पन्न होतो. ते बिल कॉमन्स सभेत संमत झाले. पण राजाने आपले वजन खर्चून ते लॉर्ड्स सभेत पाडविले आणि मंत्रिमंडळासही घरी पाठविले.

यानंतर वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग उभा राहिला. १७८६ मध्ये बर्कने बावीस आरोप सादर केले. रोहिल्यांवरील युद्ध, बनारसचे राजे चेतसिंग यांच्याकडून उकळलेला पैसा, अयोध्येच्या बेगमांच्या जहागिरी व खजिना यांचे हरण हे त्यांतील प्रमुख होत. आणि मराठ्यांशी झालेले युद्ध व तह यांविषयीही एक स्वतंत्र आरोप होता. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला सुरू झाला. आरोपीच्या पक्षाने घेतलेला बचाव असा, की पूर्वेकडील देशांत एकतंत्री सत्ता हीच रीत आहे. तेथे युरोपातील न्यायनीती लावून चालणार नाही. बर्कने हा बचाव पायाशीच उखडला. अक्षांश बदलले म्हणून पापाचे पुण्य होत नाही. शिवाय पूर्वेकडे कायदाच नव्हता हे म्हणणेही खोटे आहे. हिंदूंस त्यांचे धर्मशास्त्र आहे, मुसलमानांस त्यांची शरीयत आहे, आणि दोहोंनीही राजास बेबंद सत्ता दिलेली नाही. परमेश्वराने कोणासही अनियंत्रित सत्ता दिलेली नाही. म्हणून ती कोणी कोणास देऊ शकत नाही आणि कोणी घेऊही शकत नाही. आमची संस्कृती जुनी आहे असे त्याने पार्लमेंटात सांगितले ते आमची स्तुती करण्यासाठी नव्हे. ज्या जनतेस इतका जुना कायदा, इतकी जुनी कुळे आणि इतकी जुनी देवस्थाने आहेत, ती जनता म्हणजे लुटीचा माल नव्हे, हे इंग्रज न्यायाधीशांच्या मनावर ठसविण्यासाठी.

खटला सात वर्षे चालला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. कायद्याच्या दृष्टीने पाहता बर्कच्याही हातून चुका झाल्या होत्या. नंदकुमाराच्या फाशीस त्याने भर सभेत खून म्हटले, तेव्हा १७८९ मध्ये कॉमन्स सभेनेच त्याच्या शब्दांवर नापसंती नोंदविली. रंगपूर येथील जुलमाचे त्याने केलेले वर्णन श्रोत्यांस मूर्च्छा आणणारे ठरले. परंतु त्यातील सर्व तपशील पुराव्याने हेस्टिंग्जपर्यंत पोहोचत नव्हता. संयम हा फिर्यादी वकिलाचा पहिला गुण, आणि तो बर्कपाशी नव्हता. तथापि मृत्यूच्या आदल्या वर्षी त्याने एका स्नेह्यास लिहिले, की माझे इतर सर्व कार्य विसरले गेले तरी चालेल, पण हिंदुस्थानसाठी केलेला प्रयत्न तेवढा मागे उरावा. फ्रान्सवरील ग्रंथाने त्यास युरोपभर कीर्ती दिली होती. असे असूनही आपल्या आयुष्याचे सार त्याने हरलेल्या खटल्यात पाहिले.

आता त्या ग्रंथाकडे वळू. वेस्टमिन्स्टर हॉलमधील काम चालू असतानाच ब्रिटनमध्ये व फ्रान्समध्ये राजपदाविषयीचे प्रश्न एकापाठोपाठ उभे राहिले. १७८८ च्या अखेरीस तिसऱ्या जॉर्जची बुद्धी भ्रमिष्ट झाली. युवराजास वारसाहक्काने कारभार मिळावा की पार्लमेंटाने घातलेल्या अटींवर मिळावा, असा वाद माजला. बर्क युवराजाच्या बाजूने भांडला, आणि रुग्ण राजाविषयी त्याने काढलेले उद्गार त्याच्या मित्रांसही कठोर वाटले. पुढील फेब्रुवारीत राजा बरा झाला आणि तो वाद मिटला. पाठोपाठ जुलैत बास्तीय पडले. ६ ऑक्टोबर १७८९ रोजी जमावाने फ्रान्सच्या राजाराणीस व्हर्सायहून पॅरिसला आणले. ४ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने व्याख्यान दिले. त्यात त्याने असे प्रतिपादन केले, की इंग्लंडमधील १६८८ च्या क्रांतीने आपले राज्यकर्ते निवडण्याचा, गैरवर्तनाबद्दल त्यांस काढून टाकण्याचा आणि हवे ते सरकार बनविण्याचा हक्क प्रजेस मिळाला, आणि फ्रान्सने तोच कित्ता गिरविला आहे. बर्क या प्रतिपादनाने खवळला. एका तरुण फ्रेंच गृहस्थाने त्याचे मत विचारले होते. त्यास द्यावयाचे पत्रोत्तर वाढत वाढत ग्रंथच झाले आणि १ नोव्हेंबर १७९० रोजी पाच शिलिंग किमतीस प्रसिद्ध झाले.

त्यातील पहिला मुद्दा राजपदाचा. १६८८ मध्ये जेम्स राजा गेला हे खरे. परंतु ती निवडणूक नव्हती, तो अपवाद होता, आणि पार्लमेंटाने वारसाक्रमाची साखळी शक्य तितकी अखंड ठेवली, असे बर्क सांगतो. राजा वंशपरंपरेने असावा तो त्याच्या रक्तात दैवी अंश आहे म्हणून नव्हे. ईश्वरी हक्काने राज्य करणाऱ्या राजाची कल्पना तर तो हास्यास्पद मानतो. वारसाहक्क हवा तो यासाठी, की राज्याची सर्वोच्च गादी जर रोजच्या लिलावात उभी राहिली नाही, तर शेतकऱ्याचे शेत आणि कारागिराचे दुकानही लिलावात उभे राहत नाही. राजाचा मुकुट आणि प्रजेचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच कायद्याने, एकाच वारशाने आलेली आहेत. १६२८ च्या हक्कांच्या अर्जात इंग्रजांनी मानवमात्राच्या नावाने काही मागितले नाही. आपल्या पूर्वजांकडून आलेला वारसा म्हणून मागितले.

येथे बर्क वकिलाच्या कोशातून एक उपमा घेतो. इंग्रजी कायद्यात जमीन वंशजांसाठी बांधून ठेवण्याची एक पद्धत होती. आजच्या धारकाने तिचे उत्पन्न खावे, तिची निगा राखावी. पण ती विकू नये, उजाड करू नये, आणि पुढच्या पिढीस जशीच्या तशी, होईल तर सुधारून, द्यावी. राज्यघटना ही अशीच बांधलेली मिळकत होय. समाज हा करार असलाच तर तो व्यापारातील भागीदारीसारखा मन मानेल तेव्हा मोडता येण्याजोगा नव्हे. त्यात मेलेले, जगणारे आणि अद्याप जन्मास न आलेले असे तिघेही पक्षकार आहेत. आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. पितृऋण मानणाऱ्या समाजास ती बर्कने सांगण्यापूर्वीपासून ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा धर्मसंस्थेच्या मिळकतीचा. २ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने चर्चची सर्व मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि पुढे तिच्या तारणावर आसिन्या नावाच्या कागदी नोटा काढल्या. बर्कने यात दोन अनर्थ पाहिले. शतकानुशतकांच्या शांत उपभोगाने मिळालेला हक्क जर सभेच्या एका ठरावाने नष्ट होतो, तर उद्या कोणाचाही होईल. आणि लुटीच्या जमिनीवर उभे केलेले चलन लोकांस व्यापारी न बनविता जुगारी बनवील. आसिन्यांची किंमत कोसळत जाऊन १७९६ मध्ये त्या बाद झाल्या. तिसरा मुद्दा सैन्याचा होता. जुन्या निष्ठा तुटल्या म्हणजे सैनिक सभेचे ऐकणार नाहीत. एखादा लोकप्रिय सेनापती त्यांस वश करील आणि तोच तुमच्या राजाचा व सभेचा धनी होईल, असे त्याने १७९० मध्ये लिहिले. तेव्हा फ्रान्सचा राजा जिवंत होता आणि क्रांती रक्तहीन ठरेल असे अनेक थोर पुरुष मानीत होते. १७९३ च्या जानेवारीत राजाचा व ऑक्टोबरात राणीचा शिरच्छेद झाला, रोब्सपियरचे पर्व आले आणि गेले, आणि नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियनने सत्ता हाती घेतली. हे शेवटचे दृश्य पाहण्यास बर्क उरला नव्हता. ९ जुलै १७९७ रोजी त्याचे निधन झाले होते.

एवढी दूरदृष्टी ज्याच्या ठायी होती, त्याची दृष्टी जवळच्या एका गोष्टीवर मात्र पडली नाही. राणी मारी आंत्वानेत हिला त्याने पूर्वी व्हर्साय येथे युवराज्ञी असताना पाहिले होते. तिच्या विटंबनेवर त्याने करुणरसाने ओथंबलेली पाने लिहिली. हस्तलिखित वाचणारा त्याचा सहकारी फिलिप फ्रॅन्सिस याने हा भाग निव्वळ मिरवणूक आहे असे त्यास आधीच कळविले होते. १७९१ मध्ये टॉमस पेन याने उत्तर दिले, त्याचा आशय असा, की पक्ष्याच्या पिसाऱ्यासाठी रडताना हा गृहस्थ मरणारा पक्षी विसरला. आरोप खरा आहे. सरदार व धर्माधिकारी करांतून मुक्त आणि कुणबी मिठावरच्या करासह सर्व ओझ्याखाली, ही फ्रान्सची जुनी व्यवस्था होती. अयोध्येच्या बेगमांचे दुःख पाहताना रंगपूरच्या रयतेचे दुःखही पाहणाऱ्या बर्कला फ्रान्समध्ये राणी दिसली, रयत दिसली नाही. या मतभेदाने त्याची जुनी मैत्रीही गेली. ६ मे १७९१ रोजी कॉमन्स सभेत त्याने फॉक्सशी संबंध तोडल्याचे जाहीर केले, तेव्हा फॉक्सच्या डोळ्यांत पाणी आले.

अमेरिकेचा कैवारी फ्रान्सचा शत्रू कसा झाला, कंपनीची सनद मोडू पाहणारा चर्चच्या मिळकतीचा रक्षक कसा झाला, असा विसंगतीचा आरोप त्याच्यावर तेव्हापासून होत आला. आमच्या मते येथे विसंगती दिसते त्याहून कमी आहे. हेस्टिंग्ज आणि पॅरिसची सभा या दोघांतही बर्कने एकच दोष पाहिला : आपल्या हाती आलेल्या सत्तेस मागचेपुढचे काहीच बंधन नाही असे मानणे. एकाने बनारसचे राजे व बेगमांची जहागीर यांस तृणवत् लेखले, दुसऱ्याने मठ व गाद्या यांस. दोघांसही जुने ते अडथळा वाटले.

परंतु एक खरी अडचण शिल्लक राहते, आणि ती आमच्यासारख्या गोमंतकीयांनी तरी दडपून ठेवू नये. वहिवाटीने हक्क पक्का होतो म्हणावे, तर मूळच्या अन्यायाचे काय ? राज्यांच्या आरंभावर पडदा टाकणेच बरे, असे बर्कने स्वतः महाभियोगाच्या प्रास्ताविक भाषणात म्हटले आहे. आमच्या आरंभावरचा पडदा मात्र फार पातळ आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये गोव्याच्या साष्टीतील देवालये पोर्तुगीज सत्तेने पाडली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या निर्वाहास लावण्यात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली ती स्वखुशीने नव्हे. रात्रीच्या काळोखात, नदीपार, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुजात भक्तांनी देवास नेले. फ्रान्सच्या चर्चची मिळकत जप्त झाली म्हणून बर्क जे बोलला, ते सर्व या देवांच्या बाजूने बोलता आले असते. परंतु बर्कच्याच न्यायाने, तो हे बोलत होता तोवर दोन शतकांहून अधिक काळचा शांत उपभोग दुसऱ्या पक्षाकडे जमा झाला होता. अपहार झालेल्या मालकास काळ गप्प बसवितो, ही वहिवाटीच्या तत्त्वातील काळी बाजू होय.

बर्कने या अडचणीचे सूत्ररूप उत्तर दिले नाही. पण त्याच्या आचरणात ते सापडते. आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांचे वर्चस्व त्याच्या काळी चांगले जुने झाले होते. म्हणून ते पवित्र आहे असे तो कधी म्हणाला नाही. बहुसंख्य प्रजेस बाहेर ठेवणारा कायदा हा कायदाच नव्हे, असेच त्याने आयुष्यभर मानले. त्याने कोणाच्या जुन्या जमिनी हिसकावून घ्या असे सांगितले नाही, पण कॅथॉलिकांस मताचा व पदाचा अधिकार द्या असे सांगितले. याचा अर्थ आम्ही असा घेतो : जुना उपभोग मिळकतीस संरक्षण देतो, माणसावरील जुलमास देत नाही. शेत, घर, मठ, देऊळ यांस वहिवाटीचे कवच असावे. दुसऱ्यास दूर ठेवण्याच्या अधिकारास नसावे. जी वहिवाट सत्तेची आहे, तिने प्रत्येक पिढीपुढे आपला हिशेब मांडलाच पाहिजे, कारण ती मालकी नव्हे, ठेव आहे.

आपल्या देशातील कायदाही जवळजवळ याच ठिकाणी येऊन पोहोचला आहे. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मठाधिपती हा नुसता नोकर नाही आणि निरंकुश मालकही नाही असे ठरविले; त्याच्या पदात अधिकार आणि कर्तव्य एकत्र मिसळलेले आहेत. १९५७ मध्ये मुल्कीच्या श्री वेंकटरमण देवालयाचा निकाल झाला. ते देवालय गौड सारस्वतांनी स्थापिलेले, म्हणजे आमच्याच समाजाचे. सर्व हिंदूंस देवालय खुले करणाऱ्या मद्रासच्या कायद्याविरुद्ध विश्वस्त न्यायालयात गेले होते. देवालय संप्रदायाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले, काही विशिष्ट विधी संप्रदायापुरते राखण्याची मुभाही दिली; परंतु दर्शनास येणाऱ्या हिंदूस दारातून परत पाठविण्याचा हक्क मान्य केला नाही. त्या काळी आमच्यातील अनेकांस हा निकाल परंपरेवरील घाला वाटला. आज आम्हांस वाटते, की बर्क त्या पीठावर असता तर त्याने याहून फार वेगळा निर्णय दिला नसता. देवाची जमीन, देवाचे दागिने, देवाच्या पूजेची रीत ही ठेव न्यायालयाने आमच्या हाती राहू दिली. माणसास उंबरठ्याबाहेर ठेवण्याची सत्ता तेवढी काढून घेतली.

देवस्थानाच्या सभांत 'पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो, आणि प्रसंगी आम्हीही उच्चारतो. पुढच्या वेळी ते उच्चारण्यापूर्वी प्रत्येक महाजनाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : जे चालत आले आहे ते मी कोणासाठी चालवीत आहे ? उत्तर देवासाठी, भक्तांसाठी आणि अद्याप जन्मास न आलेल्यांसाठी असे असेल, तर ती वहिवाट प्राणपणाने राखावी, मग समोर सरकार असो की जमाव असो. उत्तर केवळ माझ्या घराण्यासाठी असे असेल, तर ती ठेव योग्य हाती सोपविण्याची वेळ आली असे समजावे. हणमंतरावांस बागेतील काचघर मोकळे करून देताना बर्कने आपला धर्म सोडला नव्हता आणि पाहुण्याचाही सोडविला नव्हता. जुने जपणाऱ्याचे मन इतके ऐसपैस असावे, एवढेच आमचे मागणे.